आमचं कोपऱ्यावरचं दुकान

इथल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमात नवीन ओळख झाली की तीन प्रश्न ठरलेले असतात. मूळचे कुठले, इथे कधी आलात, आणि काय करता. समोरचा डॉक्टर असला, इंजिनियर असला किंवा अलीकडच्या पिढीतला कॉम्प्युटरवाला असला की गप्पा झरझर पुढे सरकतात. आम्ही मात्र एकोणचाळीस वर्षं तिसऱ्या प्रश्नाला "दुकान आहे" असं उत्तर देत आलो. ते ऐकून समोरचा माणूस क्षणभर अडखळतो आणि मग सावरून म्हणतो, "अरे वा! पण ते गुजराथी लोकांचं काम हो. धंदा रक्तातच असावा लागतो. आपल्या मराठी माणसाला नाही जमत."

या "रक्तात असावा लागतो"बद्दल चार शब्द लिहावेत असं बरेच दिवस मनात होतं. संपादकांनी या अंकासाठी दोनदा फोन करून आग्रह केला, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू. हे "आम्ही" म्हणजे आम्ही नवरा-बायको. दुकानात अमुक काम त्याचं, तमुक तिचं अशी वाटणी कधी झाली नाही, म्हणून लिहितानाही ती करत नाही. जिथे सांगावंच लागेल तिथे "आमच्यातला एक" किंवा "आमच्यातली एक" म्हणू. वाचक सुज्ञ आहेत.

आम्ही दोघंही नोकरदार घरांतले. एकाचे वडील सातारा जिल्ह्यात शाळामास्तर, दुसरीचे पोस्टात. धंद्याशी संबंध एवढाच, की महिन्याच्या एक तारखेला वाण्याची उधारी चुकती करायची आणि नवीन यादी द्यायची. १९७४ साली कॉव्हेंट्रीला आलो ते मशीन टूल्सच्या कारखान्यातल्या नोकरीवर. कॉव्हेंट्री म्हणजे तेव्हा मोटारी, ट्रॅक्टर आणि मशीन टूल्स यांचं गाव. सकाळी सायकलींची आणि बसची नुसती रीघ लागायची. १९८० नंतरच्या मंदीत एकामागून एक कारखाने माणसं कमी करू लागले आणि आमच्यातला एक घरी बसला. हातात भरपाईची थोडी रक्कम होती, घरात दोन लहान मुलं होती, आणि आमच्यातल्या एकीची शाळेच्या स्वयंपाकघरातली अर्धवेळ नोकरी होती. अर्ज किती केले ते मोजायचं आम्ही नंतर सोडून दिलं.

१९८४ च्या वसंतात शहराच्या पश्चिम भागात, ट्रॅक्टरच्या कारखान्याच्या वाटेवर, एक वयस्कर इंग्रज जोडपं आपलं दुकान विकून समुद्रकाठी राहायला निघालं होतं. वर्तमानपत्रं, सिगारेटी, बरण्यांतल्या गोळ्या, दूध, पाव, डबाबंद पदार्थ. खाली दुकान, वर राहायला तीन खोल्या. भरपाईची रक्कम, भारतात न्यायला जमवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज असं सगळं त्यात घातलं. चाललं नसतं तर राहतं घरही गेलं असतं, कारण घर आणि दुकान एकच होतं.

जवळच्या वस्तीत एका गुजराथी गृहस्थांचं असंच दुकान होतं. १९७२ साली इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन युगांडातून ज्या आशियाई लोकांना हाकललं, त्यांतले ते. करार करण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो आणि भाबडेपणानं म्हणालो, "काका, तुमच्या रक्तातच धंदा आहे. आमचं कसं होणार?" ते खूप हसले. म्हणाले, "मी कंपालात शाळेत भूगोल शिकवत होतो. माझे वडील कारकून होते. इथे नोकरी कोणी दिली नाही म्हणून दुकान घेतलं. रक्त कसलं आलंय त्यात!" मग त्यांनी काउंटरखालून एक जाड वही काढली. एकेका पानावर एकेक वस्तू. कधी आणली, किती आणली, कितीला पडली, किती दिवसांत संपली. दुकानाची किल्ली हरवली तर कुलूप फोडता येतं, ही वही हरवली तर मात्र मी मेलो, असं ते म्हणाले. बायकांचे दागिने दाखवावेत तशी त्यांनी ती आम्हाला दाखवली.

पहिल्याच आठवड्यात आम्ही तशी वही घातली. सवयीनं आकडे मराठीत लिहिले आणि पुढे तीच पद्धत पडली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर जुनी वही आणि नवी वही शेजारी शेजारी ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पाडव्यापासून नवी सुरू करायची. बाकी कर्मकांडात आम्ही फारसे कधी पडलो नाही. एवढं मात्र कधी चुकलं नाही.

आता या वहीत असं होतं तरी काय? धंदा म्हणजे स्वस्तात आणायचं आणि महाग विकायचं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लहान दुकानाचा जीव असतो फळीच्या हातभर जागेत. त्या जागेतली वस्तू आठवड्यातून दोनदा संपते की दोन महिने धूळ खात बसते, यावर सगळं अवलंबून. दहा पेनी नफ्याची वस्तू रोज खपली तर ती पौंडभर नफ्याच्या पण महिन्यातून एकदा उठणाऱ्या वस्तूपेक्षा तिप्पट कमावून देते. शिवाय पडून राहिलेल्या मालात आपले पैसे अडकलेले असतात आणि घाऊकवाल्याला तर पैसे रोख मोजावे लागतात. हे कळायला सात पिढ्यांचा वारसा लागत नाही, रोज रात्री दहा मिनिटं लागतात. पण ती रोज लागतात, ताप आला तरी.

एक साधं उदाहरण देतो. आजच्या वीस टक्के व्हॅटनं हिशेब करू. एक पौंडाला विकलेल्या चॉकलेटमधले सोळा-सतरा पेनी सरकारचे. उरले त्र्याऐंशी. वस्तू व्हॅट सोडून साठ पेनीला पडली असेल तर आपल्या हातात तेवीस. त्यातून वीज, भाडं, विमा, पगार. आता शाळा सुटल्यावर एखाद्या पोरानं तसलं एक चॉकलेट खिशात घातलं, तर गेलेले साठ पेनी भरून काढायला आणखी तीन चॉकलेटं विकावी लागतात. इंग्लंडमधल्या दुकानांच्या दारावर "एका वेळी दोनच शाळकरी मुलं" अशी पाटी दिसली की नवीन आलेल्या मंडळींना वाटतं, काय हा खडूसपणा! त्या पाटीमागे हे त्रैराशिक असतं.

व्हॅटच्या तर कथाच आहेत. साध्या बिस्किटावर शून्य टक्के, चॉकलेटनं माखलेल्या बिस्किटावर पूर्ण कर, आणि केकवर चॉकलेट असलं तरी शून्य. म्हणून जाफा केक हा केक की बिस्किट, हा वाद थेट न्यायाधिकरणापुढे गेला आणि १९९१ साली तो केक ठरला. आल्याच्या बिस्किटाच्या बाहुल्याला चॉकलेटचे नुसते दोन डोळे असले तर कर नाही, त्याच्या अंगावर चॉकलेटची बटणंही आली की कर लागतो! आमच्यातल्या एकाला हे वाचून पुण्याच्या पेठेतला एखादा चिकित्सक गृहस्थ या खात्यात नोकरीला असावा अशी दाट शंका आहे.

आमचा दिवस पहाटे पाचच्या आधी सुरू व्हायचा. दारात वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडलेले असायचे. ते मोजायचे, कमी भरले तर लगेच फोन करायचा, पुरवण्या आत घालायच्या, मग प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं घर नंबर टाकायचा आणि गल्लीवार पिशव्या भरायच्या. अंक टाकायला मुलं येत. कायद्यानं वय किमान तेरा, आणि सकाळी सातच्या आत त्यांना कामाला लावायचं नाही. सात ते शाळेची वेळ एवढ्यात दोनशेच्या वर घरं उरकायची. पाऊस, बर्फ, परीक्षा, प्रेमभंग, यांपैकी काही झालं आणि मुलगा आला नाही, की आमच्यातला एक सायकल काढायचा. न खपलेले अंक परत करता येतात, पण ते ठरलेल्या वेळेत मोजून, बांधून, नोंदवून दिले तरच पैसे मिळतात. आमची वाचनाची हौस त्या काळात चांगलीच भागली. रोज पहाटे आठ-दहा दैनिकांचे मथळे वाचून व्हायचे आणि त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायला विषय मिळायचा.

कारखान्याची पहिली पाळी सहाला. पावणेसहा ते सहा ही पंधरा मिनिटं म्हणजे जत्रा. कोण कुठलं वर्तमानपत्र घेतो, कोणत्या सिगारेटी, सुटे पैसे आहेत की नोट मोडणार, हे महिन्याभरात पाठ झालं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा माल काउंटरवर तयार ठेवायचा. "नमस्कार" म्हणायलाही त्याला वेळ नसे, पण तो पुढच्या चौकातल्या दुकानात कधी गेला नाही. पु.लं.नी पुण्याच्या दुकानदाराची एवढी टिंगल केली की आपण हसता हसता एक गोष्ट विसरतो. गिऱ्हाइकाचा वेळ वाचवणं हाही मालच आहे, आणि तो ठेवायला फळी लागत नाही.

पहिल्या काही वर्षांत सगळंच गोड नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉव्हेंट्रीत वर्णद्वेषी हल्ले झाले होते आणि भीती पुष्कळ होती. आमची काच दोनदा फुटली. दारावर रंगानं शिव्या लिहिल्या गेल्या. दुसऱ्या वेळी पहाटे खाली आलो तर समोरच्या घरातली सत्तरीची बाई झाडू घेऊन काचा गोळा करत होती. ती आमच्याकडून रोज एक वर्तमानपत्र आणि आठवड्याला पाव किलो पेपरमिंटच्या गोळ्या घेत असे, बाकी आमचा काही संबंध नव्हता. चहा घेऊन जा म्हटलं तर म्हणाली, आधी गठ्ठे मोजा, पाळी सुटायची वेळ झाली. पोलिसांत तक्रार दिली, तिचं पुढे काही झालं नाही. काच मात्र त्याच दिवशी बसवली आणि दुकान एक दिवसही बंद ठेवलं नाही. तेव्हा आम्हाला कोणी धीट म्हटलं असतं तर हसू आलं असतं. कर्जाचा हप्ता होता, म्हणून उघडलं.

रविवारची गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आम्ही दुकान घेतलं तेव्हा रविवारी काय विकावं हे १९५० च्या कायद्यानं ठरत असे. रविवारी ताजी भाजी विकायला परवानगी, डब्यातली विकायला बंदी. दूध चालेल, दुधाची पावडर नाही. दारू चालेल, सिगारेटी चालतील, घोड्याचं वैरणपाणीसुद्धा चालेल. पण तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा दिला तर तो गुन्हा! १९८६ साली सरकारनं हा कायदा काढून टाकायचा प्रयत्न केला, तो संसदेत फसला. शेवटी १९९४ च्या ऑगस्टपासून नवीन कायदा आला. २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहाच तास, तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातले. लहान दुकानांना वेळेचं बंधन नाही. आमचं दुकान साठ चौरस मीटरचंही नव्हतं. म्हणजे रविवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ पार्लमेंटनं कायदा करून आमच्या पदरात टाकली.

पण रविवार म्हणजेच मंडळाचे कार्यक्रम, हळदीकुंकू, गणपती, मुलांचे मराठी वर्ग. आमच्या मुलांनी गृहपाठ कुरकुऱ्यांच्या खोक्यांवर बसून केला. त्यांना सुटे पैसे मोजायला पाढ्यांच्या आधी आले. दोघं एकत्र असे आम्ही गणपतीच्या आरतीला सलग अकरा वर्षं गेलो नाही, एक जण कायम गल्ल्यावर. बुजुर्ग मंडळींपैकी काहींना आम्ही शिष्ट वाटलो असू. दुकान यशस्वी झालं असं म्हणताना ही बाजूही लिहायला हवी. हप्ते फिटले, मुलं शिकली, आणि जोडीनं असे रविवार मात्र फार थोडे मिळाले.

एकोणचाळीस वर्षांत दुकानातल्या मालाची पार उलथापालथ झाली. आम्ही आलो त्याच वर्षाअखेर अर्ध्या पेनीचं नाणं गेलं आणि बरणीतल्या अर्ध्या पेनीच्या गोळ्यांची गोष्टच संपली. १९ नोव्हेंबर १९९४ ला नॅशनल लॉटरीची पहिली सोडत निघाली. आमच्याकडे यंत्र दोन वर्षांनी आलं. पौंडाच्या तिकिटामागे दुकानदाराला पाच पेनी. ते पाच पेनी महत्त्वाचे नव्हते, तिकिटाच्या रांगेतला माणूस जाताना पाव-दूध घेऊन जायचा, ते महत्त्वाचं. १ ऑक्टोबर २००७ पासून सिगारेटी घेण्याचं वय सोळावरून अठरा झालं आणि एप्रिल २०१५ पासून लहान दुकानांनाही त्या कपाटाआड ठेवाव्या लागल्या. मोठ्या खपाची वर्तमानपत्रं आटत गेली. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' २०११ मध्ये बंद पडलं, 'इंडिपेंडंट'ची छापील आवृत्ती २०१६ मध्ये थांबली. दोनशेवर घरांची आमची यादी ऐंशीवर आली. आणि मुख्य म्हणजे कारखाने गेले. ट्रॅक्टरचा कारखाना २००२ च्या अखेरीला थांबला, शहराजवळचा मोटारींचा मोठा कारखाना २००६ च्या डिसेंबरात. पावणेसहाची जत्रा संपली. आमच्या वहीत त्या पंधरा मिनिटांची म्हणून वेगळी ओळ असायची. २००३ च्या वहीत ती ओळ नाही.

त्यानंतर २०१० साली, आमच्यापासून चालत चार मिनिटांवर जो पब बंद पडला होता, त्या जागी एका मोठ्या साखळीचं छोटं दुकान उघडलं. त्या काळी इंग्लंडमध्ये पबचं दुकान करायला नियोजनाची वेगळी परवानगी लागत नसे. ती सवलत २०१७ साली काढून घेतली गेली, पण तोवर असे पुष्कळ पब गेले होते. त्यांच्याकडे दूध ज्या भावाला मिळे, त्या भावाला आम्हाला ते घाऊकही मिळत नव्हतं. पहिल्या महिन्यात आमचा गल्ला तिसऱ्या हिश्शानं घसरला. ओळखीची माणसं त्यांच्या पिशव्या घेऊन आमच्या दारावरून मान खाली घालून जायची. आम्ही त्यांना मुद्दाम हाक मारायचो. गिऱ्हाइकाला लाज वाटली की ते कायमचं तुटतं.

मुलगा हिशेबनीस झालेला. त्यानं कागद मांडून सांगितलं, दोन वर्षांत बंद कराल. आम्ही वही मांडली. पाव, दूध, पेयं यांत त्यांच्याशी भावाची लढाई लढणं म्हणजे हत्तीशी कुस्ती. तेव्हा ते काय ठेवत नाहीत हे बघायचं ठरवलं. आमच्यातली एक रोज वेगवेगळ्या वेळी त्यांच्या दुकानात जाऊन अर्धा लिटर दूध घ्यायची आणि फळ्या बघून यायची. आमच्या फ्रीजमध्ये महिनाभर त्यांचंच दूध होतं! सापडलं ते असं. वाढदिवसाची कार्डं त्यांच्याकडे चार, आम्ही दीडशे ठेवली. कार्डावर नफा निम्म्याच्या आसपास, आणि ते नासत नाही. तेरा अँपियरचा फ्यूज, बुटाच्या नाड्या, सुतळी, मेणबत्त्या, शिवणाची सुई, एकच बल्ब, चष्म्याचा बारीक स्क्रू. रविवारी संध्याकाळी नळ गळायला लागल्यावर ज्या रबरी चकतीची गरज पडते ती. पोलिश मंडळी गावात वाढली तेव्हा त्यांनाच विचारून त्यांच्या लोणच्याच्या काकड्या आणि मसालेदार सॉसेज. पार्सलं ठेवून घ्यायची सोय. विजेच्या किल्लीत आणि गॅसच्या कार्डात पैसे भरायची सोय.

या शेवटच्या सोयीत दुकानदाराला काही पेनीच सुटतात. पण ज्यांच्या घरी आधी पैसे भरून चालणारा मीटर असतो ती बहुधा ओढगस्तीची माणसं, आणि ती रोज येतात. पाच पौंड भरणारा तीन पौंड भरू लागला, की त्या घरात काय चाललंय ते आम्हाला कळायचं. अशा माणसाला आम्ही महिनाअखेरपर्यंत उधार देत असू. "आज रोख, उद्या उधार" अशी पाटी आपल्याकडे असते, आमच्याकडे ती कधी नव्हती. उधारीचीही वही होती आणि तिला मर्यादा होती, एका घराला वीस पौंड, त्यावर एक पेनी नाही. दया म्हणून उधार देणारं दुकान बुडतं आणि कोणालाच न देणारं ओस पडतं. किती द्यायचं हे आकड्यात ठरवलेलं असलं की देताना हात आखडत नाही. बुडीत गेलेली रक्कम दरवर्षी दिवाळीला आम्ही मोजायचो. चोरीला गेलेल्या चॉकलेटांपेक्षा ती नेहमी कमी भरली.

गल्ला पूर्वीच्या जागी यायला दोन नव्हे, तीन वर्षं लागली. पण आला. मुलाने कबूल केलं आणि पुढे आमची वही त्याच्या कॉम्प्युटरवर चढवून दिली. ती आम्ही पुन्हा हातानं उतरवून घ्यायचो, हा भाग वेगळा.

२३ मार्च २०२० ला देश बंद झाला. न्यूजएजंट आणि वाणसामानाची दुकानं उघडी ठेवायला परवानगी होती. पण आम्ही सत्तरी गाठलेली, आणि सत्तरीच्या पुढच्यांनी विशेष जपावं असा सल्ला. मुलगी हॉस्पिटलात नर्स, रोज डोळ्यांनी बघणारी. ती रडकुंडीला येऊन बंद करा म्हणत होती. त्याच वेळी एक जुनी मुलगी दारात येऊन उभी राहिली. ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडायच्या सुमारास तिच्या वडिलांची नोकरी गेली, तेव्हा तेराव्या वर्षी तिने आमच्याकडे पेपर टाकायला सुरुवात केली होती. सोळाव्या वर्षी शनिवारी काउंटरवर आली, पुढे गोदामात नोकरीला गेली. आता ते काम थांबलं होतं. म्हणाली, तुम्ही वर बसा, खाली मी उभी राहते, फोनवर सांगत जा. दारात टेबल आडवं टाकलं आणि माल त्यावरून द्यायला सुरुवात केली.

त्या वसंतात पिठाची टंचाई झाली. खरं तर पीठ होतं, नव्हत्या त्या छोट्या पिशव्या. गिरण्यांचं बरंचसं पीठ बेकऱ्यांसाठी मोठ्या पोत्यांत भरलं जातं. आम्ही सोळा किलोची पोती आणली आणि वरच्या मजल्यावर बसून किलो-किलोच्या पुड्या बांधल्या. त्यावर गव्हाचं पीठ असल्याचं आणि तारीख लिहिली. लहानपणी वाण्याच्या दुकानात तो गुंडीचा दोरा ओढून पुडी कशी आवळतो ते तासन्‌तास बघत उभे राहायचो, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. पन्नास वर्षं इंग्लंडात राहिलेल्या आजीबाई आमच्या कागदी पुड्या हातात घेऊन म्हणायच्या, लढाईच्या काळात अशाच मिळायच्या.

वय झालं होतं. २०२३ च्या वसंतात दुकानातून बाजूला व्हायचं ठरवलं. मुलं त्यात येणार नव्हती, आणि यावीत असं आम्हालाही वाटत नव्हतं. खाली-वर फ्लॅट काढायला एक बिल्डर तयार होता आणि त्याची रक्कम चांगली होती. मुलाचं मत तेच होतं, आणि हिशेबानं ते बरोबर होतं. आम्ही ते दुकान त्या मुलीला दहा वर्षांच्या करारावर भाड्यानं दिलं. हा काही दानधर्म नव्हे. भाडं बाजारभावापेक्षा थोडं कमी आहे, ते वेळेवर येतं आणि आमच्या पेन्शनला पुरतं. बिल्डरची रक्कम जास्त होती, हे आम्ही दोघंही जाणून आहोत आणि अजून कधीकधी त्यावर वादही घालतो.

ठरवताना तिने विचारलं ते गुडविलचं नव्हतं, फ्रीज किती जुना आहे हेही नव्हतं. "वह्या ठेवून जाणार ना?" असं विचारलं. पण त्या मराठी आकड्यांत! एका रविवारी दुपारी आमच्यातल्या एकीनं तिला एक ते नऊ शिकवले. चार आणि पाचात तिचा थोडा घोटाळा व्हायचा, तो आठवडाभरात गेला. आता ती स्वतःच्या वहीत इंग्रजी आकडे लिहिते, पण डिसेंबरात कार्डं किती मागवावीत हे बघायला आमची जुनी वही काढते. तिच्या घराण्यात कोणी कधी दुकान चालवलं नव्हतं. वडील कारखान्यात, आजोबा कारखान्यात. रक्ताचा प्रश्न आमच्यापुरता तरी तिथे निकालात निघाला.

तिने बरेच बदल केले आहेत. मासिकांची फळी काढली, कॉफीचं यंत्र बसवलं, घरोघरचे पेपर तीस घरांवर आणले. कॉफीच्या एका कपावर तिला जे सुटतं ते ऐकून आम्हाला आमच्या वर्तमानपत्रांची कीव आली. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मालाची मोजणी असते, त्या दिवशी आम्ही दोघं मदतीला जातो. पगार नाही, पण कॉफी फुकट.

आपल्या मंडळातल्या कोणा तरुणाच्या मनात असं काही घ्यायचं असेल तर त्याने करार करण्याआधी त्या दुकानासमोर गाडीत बसून एक अख्खा आठवडा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आत जाणारी माणसं मोजावीत. विकणाऱ्याचे कागद नंतर बघावेत. आणि पुढचं काही विचारायचं असेल तर आमचा पत्ता मंडळाकडे आहे. शेवटचा गुरुवार सोडून केव्हाही या. वह्या दाखवू, चहाही होईल.